दीड इंचाचा हिशेब

जुनी स्पोर्ट्स कार पुढून बसली किंवा मागून उचललेली दिसू लागली, की मालक नव्या स्प्रिंगा शोधायला निघतो. पण स्प्रिंग ही काही नुसती लांबी बघून घ्यायची वस्तू नाही. इंग्लंडच्या लाडक्या ‘एमजीबी’ची उंची का बदलली आणि ती पूर्ववत करताना कोणतं गणित मांडावं लागतं, त्याची ही गोष्ट...

दीड इंच म्हणजे किती? काडेपेटीच्या रुंदीहून जेमतेम कणभर जास्त. साडीच्या काठात किंवा कपाटाच्या फळीत एवढा फरक पडला तर घरातल्या कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण १९७४ साली हेच दीड इंच एका नामांकित स्पोर्ट्स कारच्या अंगात शिरलं आणि पन्नास वर्षं उलटली तरी तिच्या चाहत्यांना ते सलतं आहे. आजही देशोदेशीच्या गॅरेजांत भलीभली माणसं जमिनीवर बसकण मारून, हातात टेप घेऊन गाडीची उंची मोजताना दिसतात!

ही गाडी म्हणजे एमजीबी. आपल्याकडच्या नव्या पिढीला एमजी हे नाव ओळखीचं झालं ते २०१९ साली, गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यातून ‘हेक्टर’ बाहेर पडली तेव्हा. मूळ एमजी मात्र इंग्लंडची. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीवरून ही दोन अक्षरं आली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात, मुख्य इंजिनियर सिड एनेव्हर यांच्या हाताखाली घडलेली एमजीबी १९६२ साली बाजारात आली. दोघांपुरती बैठक, उघडं छप्पर, लांब बॉनेट आणि जमिनीलगत बसलेला बांधा. १९६५ साली तिची छप्परबंद बहीण ‘जीटी’ आली. ऑक्टोबर १९८०मध्ये उत्पादन थांबलं, तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या.

आपल्या माणसांना ही गाडी अगदीच परकी वाटायचं कारण नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे एकाच ‘बी सीरिज’ घराण्यातले भाऊ. शिवाय दोघींच्याही मागच्या चाकांवर गाडी तोलली जाते ती कमानपाट्यांवर. सुट्टीत गावी जाऊन परतताना डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मागच्या सीटवर चौघं कोंबल्यावर अ‍ॅम्बेसेडर मागून कशी बसायची आणि तिचे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर कसे जायचे, हे ज्यांना आठवतं त्यांना या लेखातला निम्मा विषय आधीच ठाऊक आहे.

कायद्यानं वाढवलेली उंची

एमजीबीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता अमेरिका. तिथे १९७०च्या दशकात गाड्यांच्या बंपरविषयी कडक नियम आले. हळू वेगात टक्कर झाली तर दिवे, इंधनाची टाकी यांसारख्या भागांना इजा होऊ नये आणि दोन गाड्यांचे बंपर एकमेकांच्या समोर यावेत, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात घ्यायचं ठरलं. जमिनीलगत धावणाऱ्या एमजीबीचे नाजूक क्रोमचे बंपर या पट्ट्यात कसे बसणार?

नवी गाडी आखायची तर त्याला पैसा हवा. तो नव्हता. मग सोपा मार्ग निघाला. १९७४च्या उत्तरार्धात क्रोमचे बंपर जाऊन पोलादी गाभ्यावर काळं जाड आवरण चढवलेले बंपर आले. लोक त्यांना ‘रबर बंपर’ म्हणू लागले. आणि अख्खी गाडी सुमारे दीड इंच वर उचलण्यात आली. पाठोपाठ खर्चात कपात म्हणून वळणावर गाडीला कलू न देणारा पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. गाडीचा भार वर सरकला आणि वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त झुकू लागली. १९७६ साली कंपनीनं पुढे जाड आणि मागे नवा अँटी-रोल बार बसवून बरीचशी सुधारणा केली, पण उंची काही कमी झाली नाही.

म्हणूनच आज एमजीबीची उंची पूर्ववत करायला निघालेल्या मालकांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाची गाडी क्रोम बंपरची, जुनी. तिच्या स्प्रिंगा वयानं बसल्या आहेत आणि तिला वर आणायचं आहे. दुसऱ्या गटाची गाडी रबर बंपरची. तिला खाली आणायचं आहे. दोघंही दुकानदाराकडे एकच प्रश्न घेऊन जातात, ‘स्प्रिंग कोणती घेऊ?’ आणि बहुतेकदा दोघंही एकच घाई करतात. मोजमाप न करताच पाकीट उघडतात!

आधी टेप, मग पाकीट

गाडी बसलेली दिसली की दोष थेट स्प्रिंगवर येतो. पण गाडीची उंची ही एकट्या स्प्रिंगची करामत नसते. टायरमध्ये हवा कमी असेल, कुणी मूळच्या उंच टायरऐवजी रुंद, बुटके टायर चढवले असतील, रबरी बुश चेपले असतील, मागच्या कमानीतला एखादा पाटा तुटला असेल किंवा कमान जिथे अडकते तिथला पत्रा गंजून खचला असेल, तरी गाडी खालीच दिसते. अशा वेळी नवी स्प्रिंग घालणं म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला रंग लावणं.

म्हणून मोजायची रीत ठरलेली आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करायची. चारही टायरमध्ये सांगितल्याप्रमाणे हवा भरायची. डिकीतलं सामान काढायचं. मग गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून दोन-तीनदा हलवायची आणि हातानं ढकलून थोडी पुढे-मागे करायची, म्हणजे अडून बसलेले सांधे मोकळे होतात. त्यानंतर चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून कागदावर लिहायचं. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजायचं, कारण मग टायर बुटके असोत की उंच, त्यांचा हिशेबात गोंधळ होत नाही.

हे चार आकडे बरंच काही बोलतात. पुढची दोन्ही चाकं सारखीच खाली असतील तर स्प्रिंगा वयपरत्वे बसल्या असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं एकट्यानंच चालवलेली गाडी चालकाच्या बाजूला किंचित जास्त बसलेली आढळते. पण एकच कोपरा खूप खाली असेल, तर तिथे काही तरी मोडलं आहे, असं समजून आधी गाडीखाली वाकायचं.

कडकपणाचा आकडा

आता स्प्रिंगकडे वळू. स्प्रिंगचा स्वभाव ओळखला तो सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं. शोध दुसऱ्या कुणी आपल्या नावावर करू नये म्हणून त्यानं १६७६ साली तो आधी उलटसुलट अक्षरांचं कोडं करून छापला आणि दोन वर्षांनी त्याचा उलगडा केला. नियम साधा आहे. जितकं वजन, तितका दाब. दुप्पट वजन ठेवा, स्प्रिंग दुप्पट दबते.

एक इंच दबायला किती वजन लागतं, तो स्प्रिंगच्या कडकपणाचा आकडा. उघड्या एमजीबीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगचा हा आकडा ३४८ पौंड, म्हणजे सुमारे १५८ किलो. हा आकडा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवरून. त्यातही तारेची जाडी फार हट्टी! ती अवघी दहा टक्के वाढवली तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच वरवर जुळ्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांचे स्वभाव अगदी वेगळे असू शकतात.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. बसलेली स्प्रिंग ‘मऊ झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर पोलादाचा लवचीकपणा वयानं फारसा बदलत नाही. वर्षानुवर्षांच्या भारानं स्प्रिंग कायमची थोडी आखूड होते, इतकंच. तिचा कडकपणा जवळजवळ तोच राहतो. म्हणजे वयानं बसलेल्या गाडीला जास्त कडक स्प्रिंगची गरज नसते. तिला हवी असते मूळच्याच कडकपणाची, पण पुन्हा पुऱ्या उंचीची स्प्रिंग. ‘बसली आहे ना, मग जरा कडकच टाकू’ असं म्हणून अनेक मालक आपल्या लाडक्या गाडीची बैलगाडी करून घेतात.

आखूड म्हणजे खाली?

आता गंमत पाहा. उघड्या एमजीबीची पुढची स्प्रिंग मोकळी असताना सुमारे ९.९ इंच भरते. जीटीची स्प्रिंग ९.१ इंच. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या तर जीटीची चांगली पाऊण इंचाहून बुटकी. गाडी खाली आणायची आहे असा मालक कोणती उचलेल? अर्थातच बुटकी.

पण जीटीच्या स्प्रिंगचा कडकपणा आहे ४८० पौंड. समजा दोन्हींवर प्रत्येकी १००० पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किलो भार ठेवला. पहिली स्प्रिंग जवळजवळ २.९ इंच दबेल आणि ७ इंचांवर येऊन थांबेल. दुसरी कडक, ती दबेल जेमतेम २.१ इंच. तीही थांबेल ७ इंचांवरच! म्हणजे बुटकी स्प्रिंग घालून गाडी खाली आली नाहीच, उलट प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचण्याची सोय झाली.

म्हणून जाणकार मालक विक्रेत्याला नुसती लांबी विचारत नाही. तो विचारतो, ‘अमुक वजनाखाली हिची उंची किती राहते?’ हा एक प्रश्न बाकीच्या दहा प्रश्नांवर भारी आहे. दुकानात स्प्रिंग मोकळी उभी असते. गाडीखाली ती कधीच मोकळी नसते.

अडकित्त्याचं गणित

भार आणि उंचीचा आणखी एक पेच असतो. स्प्रिंगची उंची अर्ध्या इंचानं कमी केली तर गाडी किती खाली येईल? अर्धा इंच, असं सहज तोंडून जातं. पण आपला अडकित्ता आठवा. एका टोकाला खीळ, दुसऱ्या टोकाला मूठ आणि मध्ये सुपारी. मूठ बरीच हलते, सुपारीजवळचं पातं थोडंसंच.

एमजीबीच्या पुढच्या बाजूची रचना अशीच आहे. खालचा हात बॉडीकडच्या टोकाला खिळलेला, बाहेरच्या टोकाला चाक आणि स्प्रिंग मधोमध कुठे तरी. त्यामुळे स्प्रिंगपाशी झालेला बदल चाकापाशी जवळजवळ दुप्पट होऊन दिसतो. स्प्रिंग अर्धा इंच बुटकी केली की गाडी सुमारे एक इंच खाली. याच कारणानं स्प्रिंगवरचा भारही चाकावरच्या भाराच्या जवळपास दुप्पट असतो. हिशेब न करता ‘दीड इंच खाली हवी, तर दीड इंच बुटकी स्प्रिंग’ असं ठरवणाऱ्याची गाडी थेट रबरी ठोकळ्यांवर आपटू लागते. चाकाला वर जायला जागाच उरत नाही आणि भर वळणात खड्डा आला तर चाकाची रस्त्यावरची पकड अचानक सुटू शकते. हौस इथे जिवावर बेतते.

रबर बंपरच्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. त्यांची उंची वाढवताना कारखान्यानं पुढची चाकं ज्यावर तोलली जातात तो आडवा क्रॉसमेंबरही बदलला होता. त्यामुळे नुसती क्रोम बंपर गाडीची स्प्रिंग आणून घातली तर गाडी पुरती खाली येत नाही. त्यासाठी रबर बंपर गाडीच्याच मापानं बनवलेल्या खास बुटक्या स्प्रिंगा घ्याव्या लागतात. आपली गाडी कोणत्या सालची, क्रोमची की रबरची, उघडी की जीटी, हे विक्रेत्याला आधी सांगायचं ते याचसाठी.

काही गॅरेजांत अजून एक झटपट इलाज चालतो. जुन्या स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाकायचं! गाडी खाली येते हे खरं. पण वेटोळी कमी झाल्यानं स्प्रिंग अधिक कडक होते, तिचं कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि गॅसनं कापली असेल तर आचेनं पोलादाचं पाणी जातं. अशी स्प्रिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

मागची कमान

मागच्या बाजूला वेटोळ्याची स्प्रिंग नाहीच. तिथे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची कमान. रबर बंपर गाडीच्या कमानीला बाक जास्त, म्हणून ती उंच. खाली आणायला दोन मार्ग. एक, कमी बाकाची नवी कमान. दुसरा, धुरा आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा बसवणं. ठोकळा स्वस्त आणि केव्हाही काढता येण्याजोगा, पण जुनी थकलेली कमान तशीच राहते. कमान चांगली असेल तरच हा मार्ग बरा.

आपल्याकडे ट्रक-टेम्पोचे बसलेले पाटे ठोकून पुन्हा बाक देणारे कारागीर महामार्गांवर जागोजागी आहेत आणि त्यांचा हात वाखाणण्याजोगा असतो. परंतु नुसत्या ठोकण्यानं दिलेला बाक, नीट पाणी चढवलं नसेल तर, काही दिवसांत पुन्हा उतरतो. ट्रकला ते चालून जातं, पुन्हा ठोकून घेता येतं. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र मागच्या दोन कमानींत थोडा जरी फरक पडला तरी गाडी एका अंगावर कलते.

स्प्रिंग असो वा कमान, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची जोडीनंच बदलायची. पुढे कडक आणि मागे मऊ किंवा त्याउलट अशी खिचडीही करायची नाही. पुढच्या-मागच्याचा मेळ बिघडला की गाडी वळणावर हट्टीपणा करते. आणि थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर नव्या स्प्रिंगा चढवणं म्हणजे तरण्या घोड्याला जुनाट लगाम. गाडी झुलतच राहते.

घाई नको

स्प्रिंग बदलणं हे रविवारच्या दुपारी घरच्या घरी उरकायचं काम नव्हे. गाडीखाली दबलेल्या एका स्प्रिंगमध्ये साडेचारशे किलोंचा रेटा कोंडलेला असतो. चुकीच्या पद्धतीनं बोल्ट सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. योग्य अवजारं आणि अनुभवी मेकॅनिक नसेल तर हात लावू नये आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

काम झाल्यावरही एक गोष्ट राहून जाते. रबरी बुशचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना, तिच्या वजनाखाली घट्ट करायचे. ती अधांतरी असताना आवळले तर बुश पिळले जातात आणि गाडी उंच धरून ठेवतात. मालक मग नव्या स्प्रिंगला बोल लावतो! त्यानंतरही निकाल लगेच लावायचा नाही. नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटर चालल्यावर थोड्या बसतात. तेव्हा पुन्हा टेप काढायचा, आकडे जुन्या कागदाशेजारी लिहायचे, चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं आणि हेडलाइट नव्यानं लावून घ्यायचे.

कोणती उंची खरी?

शेवटी प्रश्न उरतो तो असा की, गाडीची खरी उंची कोणती? १९६२ साली इंजिनियरांनी आखलेली, की १९७४ साली कायद्यापोटी कारखान्यानं दिलेली? जुन्या गाड्यांच्या जगात यावर आजही कडाक्याचे वाद होतात. एक बाजू म्हणते, मूळ कल्पना जपावी. दुसरी म्हणते, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तोच तिचा इतिहास.

आपल्याकडे या वादाला कायद्याचीही किनार आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळू शकतो. १९७४ सालच्या गाड्यांनीही आता पन्नाशी गाठली आहे. तेव्हा उंचीसाठी बॉडी कापण्याचा, वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. बोल्टनं चढेल आणि बोल्टनंच उतरेल असाच बदल करावा आणि काढलेला मूळ भाग फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. उद्या गाडी मुलाच्या किंवा नातीच्या हाती जाईल, तेव्हा कोणती उंची खरी हे तिला नव्यानं ठरवता आलं पाहिजे.

आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधकही या वादात आपलं मत देतातच! इंग्लंडमधल्या फोटोत झोकदार दिसणारी उंची इथे पहिल्याच गतिरोधकावर सायलेन्सर खरवडून घेते.

स्प्रिंग घेण्यापूर्वी

- चारही चाकांची मापं घेतली का? टायर, बुश, पाटे आणि गंज तपासला का?
- गाडीचं साल आणि मॉडेल नक्की ठाऊक आहे का?
- स्प्रिंगचा कडकपणा, मोकळी लांबी आणि ठरावीक भाराखालची उंची, हे तिन्ही आकडे विक्रेत्यानं दिले का? तिसरा आकडा देत नसेल तर दुकान बदला.
- जोडी घेतली का? शॉक अ‍ॅब्सॉर्बर धड आहेत का?
- गाडी कशासाठी वापरणार? रविवारच्या फेरफटक्यासाठी मूळ कडकपणाच उत्तम.

उभ्या गाडीची उंची बघणारे रस्त्यात पुष्कळ भेटतात. पण घाटातल्या वळणावर ती उंची बरोबर आहे की नाही, हे फक्त आत बसलेल्यालाच कळतं. स्प्रिंग निवडायची ती त्याच्यासाठी.